सातवी तपकिरी

अकरा वर्षांपूर्वी ताईचं जे पत्र आलं होतं, त्याला अण्णांनी अजून उत्तर दिलं नव्हतं.

तसं पत्र साधंच होतं. गुडघे बरे आहेत, मोरीतला नळ गळतो आहे, शेजारच्या कुत्रीला पाच पिल्लं झाली आणि ती पाचही आमच्याच पायरीवर झोपतात. मग एक ओळ मोकळी सोडून, ताईच्या टपोऱ्या अक्षरात: ‘माझी चाल. निळी. सातवी ओळ, दुसरं घर.’ आणि अगदी तळाशी: ‘ता. क. खाचा शाबूत आहेत ना रे?’

एवढ्याला उत्तर द्यायला माणसाला किती दिवस लागावेत? अण्णांनी पहिल्या आठवड्यात चार मसुदे लिहिले आणि चारही फाडले. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेली. दुसऱ्याच्या मजकुरातला निसटलेला अनुस्वार त्यांना हातभर लांबून दिसायचा, पण स्वतःचं वाक्य समोर आलं की ते पिंजऱ्यातल्या आरोपीसारखं वाटायचं. महिना गेला तेव्हा उत्तरात उशिराबद्दल दिलगिरी घालावी लागली. वर्ष गेलं तेव्हा दिलगिरीच पत्राहून लांब झाली. मग अण्णांनी लिहिणं सोडलं आणि ‘विचार करतो आहे’ असं म्हणायला सुरुवात केली. बायको होती तोवर ती म्हणायची, “चाल कळवा, नाहीतर पट उचला. माझ्या टेबलाला श्वास घेऊ द्या.” तीही गेली. पट तसाच राहिला.

खेळाचं नाव घरात ‘ओळी’. वडील सुताला रंग द्यायचे; कारखाना बंद पडायच्या कितीतरी आधी त्यांनी उरल्यासुरल्या रंगांत लाकडी चकत्या बुडवून दोन जोड बनवले, एक ताईला, एक अण्णांना. पाच रंग: लाल, निळा, पिवळा, हिरवा, तपकिरी. नऊ बाय नऊ घरांचा पट. प्रत्येकाच्या थैलीत दर रंगाच्या सहा सोंगट्या. न बघता एक काढायची आणि हव्या त्या घरात ठेवायची. एका रंगाच्या चार सलग लागल्या, की चौथी ठेवणारा ओळ उचलून घेतो. पोरंही खेळतील इतकं सोपं, आणि भावाबहिणीचं आयुष्य खाईल इतकं अवघड. ताई सासरी गेल्यावर खेळ टपालाने सुरू झाला. दोघांकडे आपापला पट मांडलेला. चाल पत्रातून यायची आणि पत्रातून जायची. वडिलांचा नियम एकच होता: “बोलली ती हवा, लिहिली ती चाल.” म्हणून तर गेल्या अकरा वर्षांत बहीणभाऊ तीन लग्नांत आणि एका बारशात शेजारी शेजारी बसले, पण त्यांनी गुडघ्यांपासून कुत्र्यांपर्यंत सगळं बोलून घेतलं आणि पटाबद्दल चकार शब्द काढला नाही. फक्त ताई या घरी यायची थांबली. आली असती तर मागच्या खोलीत पट दिसला असता, आणि मग काहीतरी बोलावं लागलं असतं.

त्या रविवारी सकाळी मागच्या खोलीत घरातली सगळी माणसं जमली ती त्या टेबलासाठी.

“आजोबा, मी प्रेमानं विचारतेय,” नात म्हणाली. इमारतींचे नकाशे काढायचं काम तिला नुकतंच लागलं होतं आणि ते घरूनच करायचं होतं. हातात गुंडाळलेला कागद तिने तलवारीसारखा धरला होता. “या टेबलावर किंवा मी बसणार, किंवा आत्याआजी.”

“आत्या काही इथे बसलेली नाही,” अण्णा म्हणाले.

“अकरा वर्षं बसलीय. जेवायला तेवढी उठत नाही.”

मुलगा दारातून खोलीची मापं घेत होता. तो जुन्या फर्निचरला पॉलिश करायचा, मोडलेले पाय जोडायचा. कुठल्याही खोलीत शिरला की आधी माणसांकडे नाही, कडांकडे बघायचा. “अण्णा, पट उचलू या. मी फोटो काढून ठेवतो. परत मांडता येईल हुबेहूब.”

“फोटोत रंग बदलतात,” अण्णा घाईने म्हणाले.

यावर सूनबाईंनी मुलीकडे पाहिलं, मुलीने बापाकडे. सूनबाईंचं चष्म्याचं दुकान होतं; डोळ्यांनी बोलायची त्यांना धंद्यानेच सवय. “मी सांगू का,” त्या म्हणाल्या, “पटाला हात लावायचा नाही. मी अकरा वर्षं एकेक सोंगटी उचलून तिच्याखालची धूळ पुसलीय आणि तिथेच ठेवलीय. कष्ट माझे आहेत. निर्णयही मीच घेणार.”

“अगं, पण परवा तूच म्हणालीस की पटाचा कंटाळा आलाय,” मुलगा म्हणाला.

“कंटाळा मला आलाय. म्हणून तू उचलायचा असं कुठेय?”

अण्णा खुर्चीच्या टोकावर बसून होते. आपल्यामुळे भांडण झालं की त्यांना अवघडायला व्हायचं. त्यातून कुणी आपली बाजू घेतली तर आणखीच. आता आपणच म्हणावं, उचला. शब्द ओठांवर आला, आणि तेवढ्यात बाहेरची बेल वाजली.

भाची आली होती. ताईची मुलगी, तीस वर्षं इस्पितळात परिचारिका म्हणून काढलेली बाई, त्यामुळे कुठल्याही घरात ती रोग्याला पाहायला आल्यासारखीच शिरायची. पिशवी खुर्चीवर, पाणी घोटभर, आणि थेट मुद्दा.

“मामा, फार बसत नाही. संध्याकाळची गाडी आहे. येत्या शनिवारी मी आईला माझ्याकडे हलवतेय. जिने नाही जमत आता. पंच्याऐंशी झाली. सामान बांधणं चाललंय. ती म्हणाली, जाऊन मामाला एवढंच विचार,” भाची थांबली. “पट उचलू का?”

नातीने हातातली तलवार खाली घेतली.

“तिचाही मांडलेलाच आहे?” अण्णांनी विचारलं.

“मग काय. खिडकीखालच्या पेटीवर. मांजरीला त्या खोलीत बंदी. मी एकदा पुसायला गेले तर मला बंदी.” भाची हसली, पण तिचं हसू पुरतं उमटलं नाही. “शुक्रवारपर्यंत पत्र आलं तर तसाच उचलून गाडीत मांडीवर घेऊन येईन म्हणाली. नाही आलं तर थैलीत भरते म्हणाली. रागावलेली नाहीये, मामा. रागावली असती तर बरं वाटलं असतं मला.”

अण्णांनी मान खाली घातली. थैलीत भरलेल्या सोंगट्या पुन्हा कोण मांडणार? या वयात नवा डाव लावायचा म्हणजे जुना हरवला असं कबूल करून बसायचं.

“झालं,” सूनबाई म्हणाल्या. “टेबलाचं नंतर. आधी चाल.”

“हो, आधी चाल,” मुलगा म्हणाला. पाच मिनिटांपूर्वी हाच पट उचलायला निघाला होता.

“मी आधीपासून हेच म्हणतेय,” नातही म्हणाली, आणि तिच्याकडे सगळ्यांनी पाहिलं तेव्हा ती खांदे उडवून पटाशी जाऊन उभी राहिली. “पण आजोबा, अडलंय कुठे? एका चालीला अकरा वर्षं?”

अण्णांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. पण आज सगळे असे रांगेत उभे होते, की सांगण्यापेक्षा न सांगणंच जड झालं.

“चाल अडलेली नाही,” ते हळूच म्हणाले. “चाल समोर आहे. तीच तर पंचाईत. पाचव्या ओळीत तीन तपकिरी सलग आहेत. चौथं घर मोकळं. तिला दिसलं नसेल का? पण तिने ते अडवलंच नाही. निळी सोंगटी पार कोपऱ्यात नेऊन ठेवली. म्हणजे मला जिंकू देतेय. लहानपणी द्यायची तशी. आणि वर विचारते...” ते थांबले. “सत्तर वर्षांचा होतो तेव्हा मी. सत्तराव्या वर्षी कुणी आपल्याला मुद्दाम जिंकू दिलं तर माणसानं काय लिहायचं? आभारी आहे?”

“कुठल्या तीन तपकिरी?” नातीने विचारलं.

“या. एक, दोन, तीन.”

“आजोबा, ही मधली हिरवी आहे.”

अण्णांचं बोट तिथेच राहिलं. कानांच्या पाळ्या तापल्या. सत्तर वर्षं ज्या क्षणापासून ते पळत होते तो हा असा, नातीच्या साध्या आवाजात, रविवारी सकाळी येऊन उभा राहिला होता.

“हो का? उजेड कमी आहे,” ते म्हणाले.

“खिडकी उघडी आहे, अण्णा,” सूनबाई म्हणाल्या. आवाज मऊ होता. “आणि एक सांगू? आम्हाला माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“हिरवं आणि तपकिरी तुम्हाला सारखंच दिसतं ते.”

“कुणी सांगितलं? तुझ्या दुकानात तर मी ठिपक्यांतले सगळे आकडे बरोबर सांगितले होते.”

“सांगितलेत ना. बारा, आठ, एकोणतीस. शेवटचा चौऱ्याहत्तर तर मी पान उलटायच्या आधीच सांगितलात. बाहेरच्या बाकावर बसून तुम्ही आधीच्या तीन गिऱ्हाइकांचे ऐकले होते.”

मुलगा छताकडे बघू लागला. भाचीने पदर तोंडाशी नेला.

“मला पहिलीत असताना झाड रंगवून दिलं होतंत,” नात म्हणाली. “हिरवं खोड, तपकिरी पानं. बाईंनी विचारलं, झाड वाळलंय का. मी म्हटलं, नाही, आजोबांनी काढलंय.”

“आणि माझ्या लग्नात,” भाची म्हणाली, “एका पायात हिरवा मोजा, एका पायात तपकिरी. आईला म्हटलं, मामाला सांगू का? ती म्हणाली, खबरदार. आज त्याला कुणी काही बोलायचं नाही.”

अण्णांना एकदम ते कारखान्याचं आवार आठवलं. अकरा वर्षांचे ते, पंधराची ताई. हिरव्या सुताच्या लडी त्यांनी तपकिरीच्या ढिगात टाकल्या होत्या, आख्ख्या दिवसाचं काम वाया गेलं होतं आणि वडील दारात उभे होते. ताई पुढे झाली, म्हणाली, मी टाकल्या. पुढे वर्षभर ती वडिलांच्या लेखी वेंधळी होती. त्याच संध्याकाळी तिने चाकू घेऊन अण्णांच्या जोडातल्या एकूण एक हिरव्या सोंगटीच्या कडेला नखाएवढी खाच पाडली. बोट फिरवायचं, खाच लागली की हिरवी. कुणाला कळणार नाही. अण्णांना वाटलं होतं, खरंच कुणाला कळलं नाही.

“पण मी कधी चुकलो नाही,” ते म्हणाले. “या खेळात तरी नाही. हिरवीला खाच असते.”

त्यांनी तिसऱ्या ओळीतल्या एका सोंगटीच्या कडेवरून अंगठा फिरवला. खाच होती. मग मधल्या सोंगटीवरून फिरवला. गुळगुळीत. इतकी गुळगुळीत की अंगठा घसरला.

“हिला नाही,” अण्णा म्हणाले.

दारातून एक बारीक आवाज आला. मुलगा हातातली मोजायची फीत उगाच बाहेर ओढत होता आणि आत सोडत होता.

“अण्णा,” तो म्हणाला, “तुमच्या सत्तरीला मी सोंगट्यांना पॉलिश करून दिलं होतं. आठवतं? पटावरच्यांना हात लावला नाही. थैलीतल्या तेवढ्या घेतल्या.”

“हो. चांगलं झालं होतं पॉलिश.”

“त्यातल्या चार-पाच कडेला कुरतडलेल्या होत्या. मी भुसा आणि सरस भरून सारख्या केल्या. मला वाटलं, उंदीर लागलेत.”

सूनबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की समोर चष्मा असता तर त्याचा नंबर वाढला असता. “सगळ्या एकाच जागी कुरतडलेल्या? तुझे उंदीर पट्टी लावून कुरतडतात?”

“आणि फक्त हिरव्याच?” नात म्हणाली. “पालेभाजी समजले असतील, बाबा.”

“मी रंग बघितले नाहीत गं, मी लाकूड बघितलं,” मुलगा कळवळून म्हणाला. “खाच दिसली की माझा हात थांबत नाही.”

भाचीने मात्र मान तिरकी केली. “थांबा. मग आईनं ते घर का नाही अडवलं? तिच्या पटावर तर मामानं लिहिलं तेच असणार. तपकिरी.”

अण्णा उठले. कपाटातून त्यांनी पाठकोऱ्या कागदांची शिवलेली वही काढली. आपली प्रत्येक चाल टपालात टाकण्यापूर्वी ते त्यात उतरवून ठेवत. चष्मा नाकावर घेऊन, मुद्रित तपासावं तसं एकेका ओळीखाली बोट नेत ते वाचत गेले. तपकिरी. तपकिरी. पुढच्या पानावर आणखी दोन. ओठ हलत होते.

“सात,” ते शेवटी म्हणाले.

“काय सात?”

“मी सात तपकिरी खेळलोय. थैलीत असतात सहा.” ते खुर्चीत बसले. “तिने मोजल्या. ती नेहमी मोजते. सातवी तपकिरी आली तेव्हाच तिला कळलं की मी चुकलोय. म्हणून तिने ते घर अडवलं नाही, कारण ती ओळ खरी नव्हतीच. आणि म्हणून विचारलं, खाचा शाबूत आहेत ना.”

हा प्रश्न त्यांनी अकरा वर्षं टोमणा म्हणून वाचला होता. ‘बाळा, दिसतं ना रे तुला’ असा तो त्यांना ऐकू यायचा. आणि ते साधं चौकशीचं वाक्य होतं. नळ गळतो आहे का, तसं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वाक्यांतल्या चुका काढल्या, आणि एक बिनचूक वाक्य समोर आलं तर त्यात चूक शोधत बसलो.

“आजोबा,” नात म्हणाली, “म्हणजे अकरा वर्षं तुम्ही रुसला होतात ते बाबांच्या सरसावर?”

कुणीतरी हसायला हवंच होतं. सगळ्यात आधी अण्णा हसले. मग कुणाला आवरेना. मुलगासुद्धा हसला, पण जरा बेतानं.

“आता फोन लावू?” भाचीने डोळे पुसत विचारलं. “दोन मिनिटांत मिटेल.”

“नाही,” अण्णा, मुलगा आणि सूनबाई एकाच वेळी म्हणाले.

“बोलली ती हवा,” नातीने पुरं केलं.

अण्णांनी थैलीची गाठ सोडली. अकरा वर्षांची गाठ. दाताने सोडवावी लागली. आत हात घालून त्यांनी एक सोंगटी काढली आणि सवयीने कडेवरून अंगठा फिरवला. गुळगुळीत. अर्थात. आता सगळ्याच गुळगुळीत. निळी नव्हती, पिवळी नव्हती, लाल नव्हती. एवढं त्यांना दिसत होतं. पुढचं दिसत नव्हतं.

त्यांनी सोंगटी तळहातावर धरून हात पुढे केला.

“ही कुठली?” त्यांनी विचारलं.

सत्तर वर्षांत त्यांनी हे कुणाला विचारलं नव्हतं. दुकानात, कापडवाल्याकडे, रस्ता ओलांडताना, कुठेच नाही. सगळ्यांनी हातावर वाकून पाहिलं, जणू खरंच बारकाईने बघायला हवं होतं.

“हिरवी, अण्णा,” मुलगा म्हणाला.

“हिरवी,” भाची म्हणाली. “दुसरं मत हवं तर देते.”

“मला जांभळी दिसतेय,” नात म्हणाली, आणि आईची चापट खाऊन, “हिरवी, हिरवी.”

मग अण्णांनी टेबलाच्या कडेला कागद घेतला. मसुदा केला नाही. चारही जण खांद्यावरून बघत होते. एरवी त्यांना एक अक्षर उमटलं नसतं. आज उमटलं.

‘ती. ताईस सा. न.

खाचा शाबूत नाहीत. माझ्या सत्तरीला तुझ्या भाच्याने प्रेमाने बुजवल्या. मला आज कळलं.

शुद्धिपत्र: माझ्या मागच्या पत्रात “तपकिरी”ऐवजी “हिरवी” वाचावे. बाकीची दिरंगाईही माझीच, तिचं शुद्धिपत्र एका कागदावर मावणार नाही.

माझी चाल. हिरवी. घरच्या सगळ्यांना विचारून खात्री केली आहे. सहावी ओळ, तिसरं घर.

पट उचलू नकोस. मांडीवर आण.

ता. क. खाचा तू पाडल्या होत्यास. येताना चाकू घेऊन ये.’

“सहावी ओळ, तिसरं घर?” नात पटाकडे बघत पुटपुटली. “आजोबा, तिथे ठेवलीत तर आत्याआजी दोन चालींत तुमची पिवळी ओळ मारेल.”

“मारू दे,” अण्णा म्हणाले. “पण तिला ते पत्रानं कळवावं लागेल.”

टेबलाचाही निकाल तिथेच लागला. मुलगा भिंतीवर पटापुरती फळी ठोकून देणार होता, पट मांडलेलाच तिच्यावर सरकवायचा होता, आणि या कामात कुठल्याही खाचेला हात लावायचा नाही असं सूनबाईंनी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

दुपारी भाची निघाली तेव्हा अण्णा पाकीट घेऊन तिच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत गेले. शिंप्याच्या दुकानाबाहेर टपालपेटी होती.

“मामा, मी रात्री आईकडेच पोचतेय,” भाची म्हणाली. “माझ्याकडे दे. हातात देईन. हे पत्र जाईल बुधवारी.”

“बुधवार चालेल. शनिवारच्या आत आहे.”

“अकरा वर्षं वाट बघितली तिनं. वर आणखी तीन दिवस?”

“म्हणूनच,” अण्णा म्हणाले. “टपालवाल्याची घंटा वाजायला हवी तिच्या दाराशी. तू काही बोलू नकोस हं. विचारलं तर सांग, मामा विचार करतोय.”

“खोटं बोलू?”

“त्यात खोटं काय आहे? करतोच आहे.”

आणि तो ते करतच होते. घराचा नंबर बरोबर लिहिला ना, तिकीट सुटणार तर नाही, ‘दिरंगाई’ हा शब्द जरा जड तर झाला नाही. त्यांनी पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं, पेटीच्या फटीत अर्धं सरकवलं आणि तसंच धरून ठेवलं.

“मामा,” भाची म्हणाली, “माझी गाडी.”

अण्णांनी बोटं सोडली. रविवार होता, पेटी रिकामीच असावी. पत्र तळाशी पडल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला.